डाव्या कोपऱ्यासाठी जिम

कबड्डीत मी डावा कोपरा खेळायचे. संघात सात जणी असतात, त्यातली सगळ्यात डावीकडे, मागच्या रेषेजवळ वाकून उभी असते ती मी. समोरची चढाईला आली की तिचा पाय हाताशी येईपर्यंत काही करायचं नाही, आणि आला की घोट्याला दोन्ही हातांचा विळखा घालून तो सोडायचा नाही, एवढंच माझं काम. तिला पाडायचं काम माझं नव्हतं. ते माझ्या शेजारी उभी असायची ती करायची. तिला कव्हर म्हणतात. मी धरलं की कव्हर येऊन आदळायची, तिच्यामागून बाकीच्या, आणि सगळ्यांच्या खाली मी. तोंडात माती, डोकं कोणाच्या तरी पोटाखाली, आणि वर कुठेतरी शिट्टी. शाळेपासून लग्नापर्यंत मी हेच केलं आणि ते मला फार चांगलं जमायचं. दुसरं काही तितकं चांगलं जमलेलं नाही, तेही सांगून टाकते.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. येत्या चौदा एप्रिलला, जयंतीला, जुन्या मुली विरुद्ध आताच्या मुली असा सामना ठेवायचा. जुन्या मुली म्हणजे आम्ही, पस्तिशी ओलांडलेल्या, पोरं शाळेत पोचवून कामाला जाणाऱ्या. सातही जणी अजून अंबरनाथ, उल्हासनगर, शहाड अशा आसपासच होत्या. ग्रुपवर भराभर अंगठे पडले. एकीने गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो टाकला आणि खाली हसरे चेहरे. आमच्या कव्हरने फक्त विचारलं, "डावीकडे कोण?" मी लिहिलं, "मीच." मग तिने अंगठा टाकला.

ती खेळणार होती ते मी डावीकडे असेन म्हणून. हे तिने लिहिलं नाही, पण आम्ही दोघी इतकी वर्षं शेजारी उभ्या राहिलो होतो की लिहायची गरज नव्हती. त्या अंगठ्याने माझ्यावर एकदम जबाबदारी आली. मी बारा-पंधरा वर्षांत कोणाचा घोटा धरलेला नव्हता.

सराव करायचा तर कुठे, हा प्रश्न होता. विहाराशेजारच्या ज्या मैदानात आम्ही वाढलो तिथे आता पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि गाड्या लागतात. आताच्या मुली कल्याणला कुठेतरी मॅटवर खेळायला जातात, आणि त्यांच्या सरावात त्यांच्याच विरुद्ध खेळायचं असलेल्या बाईने जाऊन उभं राहणं बरं दिसलं नसतं. नवऱ्याने सुचवलं, चालायला जा. नंतर म्हणाला, कोपऱ्यावरच्या जिमला नाव घाल. ती जिम मी पाहिली. पाय मजबूत करायची मशीनं होती, पाठीची होती, पण मशीनला घोटा नसतो. मला खरा, घामाने निसटणारा, माझ्या हातातून सुटायला धडपडणारा पाय हवा होता. फोनवर शोधत बसले तेव्हा कळलं की असं एकमेकांना धरायला, पाडायला परवानगी असते ती मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या जिममध्ये. आमच्या पट्ट्यात अशा तीन निघाल्या, एक उल्हासनगरला, एक अंबरनाथला आणि एक बदलापूरला.

मी एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत क्यूसीला आहे. ओतीव पार्ट येतात, मी व्हर्नियर लावून माप घेते. बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट, पार्टशी माझं वैर नसतं. जिमही मी अशाच बघायला निघाले. फरक एवढाच की इथे माप माझं होतं आणि ते मला कोणाला बदलू द्यायचं नव्हतं.

उल्हासनगरची जिम एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. खालच्या दोन मजल्यांवर जीन्स शिवायचे कारखाने, त्यामुळे जिना चढताना शिलाई मशीनांचा आवाज पायातून वर यायचा. मालक तरुण सिंधी मुलगा, दाढी कोरलेली, बोलायला अतिशय नम्र. त्याने विचारलं, "दीदी, पहले कुछ किया है?"

"कबड्डी," मी म्हटलं.

"अरे वा. देसी ग्रॅपलिंग." त्याने मला आरशासमोर उभं केलं. एक पाय पुढे, एक मागे, मुठी गालांजवळ. मी तशी उभी राहिले आणि त्याची पाठ वळल्यावर परत वाकले. हात उघडे, खाली, गुडघ्यांच्या पुढे. तो आला, माझे हात उचलून गालांना लावून गेला. ते परत उतरले. असं बराच वेळ चाललं. आरशात सगळे ताठ उभे आणि मधे मी एकटी, जमिनीवर सांडलेलं काही शोधत असल्यासारखी. बघून मलाच हसू येत होतं.

पहिल्या आठवड्यात त्याने मला एका कॉलेजच्या मुलीसमोर उभं केलं. हळूच, हात चालवून बघायला. ती पुढे आली, तिचा पुढचा पाय माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी खाली गेले. ठरवून नाही, गेलेच. तिचा गुडघा त्याच वेळी वर येत होता. तिची काहीच चूक नव्हती, तिला तसंच शिकवलं होतं. नाकातून रक्त आलं. खालच्या कारखान्यातून कोणीतरी बर्फ आणून दिला, आणि ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त रडवेली झाली.

मालक माझ्यासमोर मांडी घालून बसला. "दीदी, इधर नीचे जाने का मतलब सीधा घुटना खाने का. मेरे पास छे महिना रुको, पूरा स्टाइल चेंज कर दूँगा."

मी म्हटलं, "चेंज नहीं करने का है."

त्याला राग आला नाही, याचं मला बरं वाटलं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सच बोलूँ? आपको कुश्तीवाला बंदा चाहिए. मैं तो खडे रहने वाला हूँ." धंदा सोडून खरं बोलणारा दुकानदार मला आवडतो. नाकाला रुमाल लावून मी जिना उतरले.

अंबरनाथची जिम घराजवळ होती, म्हणून खरं तर तिच्यावरच माझा जीव होता. बाहेर मोठा बॅनर, त्यावर एकमेकांच्या माना आवळणारे दोन उघडे पुरुष. आत कराटेचे एक सर, गळ्यात शिट्टी, आणि संध्याकाळची लेडीज बॅच. बायका चांगल्या होत्या. सगळ्या वजन कमी करायला आलेल्या, आणि वर्ग संपला की वजन वाढवणाऱ्या पदार्थांवर मन लावून बोलायच्या. गाण्यावर उड्या मारायच्या, मग हवेत ठोसे. मी दोन आठवडे काढले आणि मग सरांना विचारलं, "सर, पाय कधी धरायचे?"

"मॅडम, लेडीज बॅचला कॉन्टॅक्ट नसतो."

"मग बाहेर बोर्डावर लिहिलंय ते?"

"सगळं मिक्सच आहे ना मॅडम. कराटे, झुंबा, शनिवारी योगा."

त्यांनी हे अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. पण बहुतेक माझी दया येऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी एक खेळ घेतला. जोड्या करायच्या आणि समोरचीच्या खांद्याला ग्लोव्हने नुसता हात लावून मागे पळायचं, तिने चुकवायचं. माझी जोडीदारीण, एक शिक्षिका, आली, खांद्याला हात लावून मागे गेली. मी हात वर केला आणि भिंतीपाशी जाऊन बसले. सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. उठून परत उभी राहिले. ती आली, हात लावून गेली. मी हात वर केला आणि जाऊन बसले. तिसऱ्यांदा बसल्यावर माझ्या लक्षात आलं. कबड्डीत चढाई करणारी हात लावून परत गेली की आपण बाद. बाद झालेल्याने हात वर करून बाहेर बसायचं असतं, वाद घालायचा नसतो. कोणी तरी कारण विचारलं, मी सांगितलं आणि सगळी बॅच पोट धरून हसली. मीही हसले. शरीराने इतकं जपून ठेवलंय हे बघून मनातून मला अभिमान वाटला. तिथे मात्र परत गेले नाही.

त्याच रविवारी मी शहाडला कव्हरच्या घरी गेले. तिचा नवरा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपला होता, त्यामुळे आम्ही ओट्यापाशी उभ्या राहून हळू आवाजात बोललो. ती वाटाणे सोलत होती. लग्नात होती त्याच्या दीडपट झाली होती आणि तिने ते मला बघायला लावलं, पदर बाजूला करून. दोन्ही मुलं सिझेरियनची. डॉक्टर हो म्हणालेत, पण पट्टा बांधूनच खेळ म्हणालेत. रोज पहाटे ती चालायला जात होती आणि गॅलरीत कोणी नसताना उड्या मारत होती. खालच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, तुमच्याकडे काही पडतं का.

"मी आदळते अजून," ती म्हणाली. "आदळायला काय, वजन आहेच. पण पोचायला वेळ लागणार मला. आधीसारखं नाही. तू धरलंस की मी तिथे असायचे. आता तुला धरून ठेवावं लागेल."

"ठेवीन."

"बघ हं. सुटली तर सगळे हसतील. मला घरात कोणी खेळताना बघितलंच नाहीये. पोरांनी पण नाही." तिने सोललेल्या वाटाण्यांचं भांडं हलवलं. "एकदा बघू देत. मग पुन्हा नाही म्हटलं तरी चालेल."

तिच्या आवाजात मस्करी नव्हती. ती माझ्याकडे मागत होती ते अगदी साधं होतं, मी घोटा धरायचा आणि ती येईपर्यंत तग धरायचा. म्हणजे मला आधीपेक्षा जास्त वेळ थांबता यायला हवं होतं. घरी येताना माझं माप पक्कं झालं. जिथे धरून थांबायची ताकद वाढेल ती जिम पास, बाकी रिजेक्ट.

बदलापूरची जिम कुळगावात होती, पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये. पूर्वी तिथे भाताची गिरणी होती आणि पत्र्याच्या सांध्यांत अजून तूस अडकलेलं होतं. खाली जाड मॅट, भिंतीला काही नाही, आरसा तर नाहीच. शिकवणारा, सगळ्यांचा मास्तर, तिथलाच, शेतकरी घरातला. लहानपणी जत्रांमध्ये कुस्त्या केलेल्या, मग ठाण्याला जाऊन जुजुत्सू, म्हणजे जपानी कुस्ती, शिकून आलेला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. त्याचे कान कुस्तीने चुरगळलेले होते. त्याने मला काही विचारलं नाही. पाय पुढे केला आणि म्हणाला, "धर."

मी धरला. तो चालायला लागला. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने मला मॅटवरून ओढत नेलं, वळला, परत आणलं. माझी कोपरं सोलली. मी सोडलं नाही. बाकीचे सराव थांबवून बघत होते. शेवटी त्याने खाली वाकून माझे हात बघितले, एखादी गाठ कशी मारलीय ते बघावं तसे.

"बेस धरतेस," तो म्हणाला. "कवा येतेस?"

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनी सुटली की स्कूटीने थेट कुळगावला जायला लागले. घरी जेवायला उशीर व्हायला लागला आणि नवऱ्याने कुकर लावायला सुरुवात केली. माझी जोडी लावली होती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला असलेल्या एका पोरीशी. माझ्याहून बरीच लहान, उंच, आणि तोंडाची अखंड चालू. पहिल्याच दिवशी मी तिचा घोटा धरला, कपाळ मॅटला टेकवलं आणि थांबले.

थोडा वेळ गेला. वरून आवाज आला, "ताई, पकडलं ना? अब आगे क्या? मी किती वेळ एका पायावर उभी राहू?"

मी थांबलेच. ती उडी मारत मारत माझ्याभोवती अर्धी फिरली आणि मग माझ्या पाठीवर बसली. तिथून तिने माझ्या मानेत हात घातला आणि मला हरले अशी मॅटवर थाप मारून सोडवून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात कधीतरी असंच तिला धरून थांबले असताना मी ओरडले, "कव्हर!" मला ते तोंडातून निघालेलं कळलं नाही, ऐकू आलं तेव्हा कळलं. मॅटवर आम्ही दोघीच होतो.

मास्तर जवळ आला. "कोनाला बोलवतेस?"

मी बसून सांगितलं. कोपरा काय करतो, कव्हर काय करते, शहाडला कोण राहते, जयंतीला काय आहे. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हितं कोन येनार नाय. धरलंस तं तूच वर जा. घोट्यावरनं गुडघ्यावर, गुडघ्यावरनं कंबरंवर. थांबलीस का गेलीस."

"मला वर जायचंच नाही," मी म्हटलं. "मला फक्त धरायची ताकद हवी आहे."

"ताकद व्हईल. पन निसती धरून बसशील तं ही पोर तुजी मान मोडंल एक दिवस. मग कबड्डी पन नाय नि काय नाय."

हे खरं होतं. माझी मान दुखतच होती. मी मनाशी सोयीचा हिशेब केला, इथलं इथे, तिथलं तिथे. कुळगावात वर जायचं, मैदानात थांबायचं. कंपनीत मी बारा तऱ्हेचे पार्ट तपासते, एकाचं माप दुसऱ्याला लावत नाही, मग यात काय अवघड आहे असं मला वाटलं.

ते शिकायला मला हिवाळा लागला. घोटा हातात आला की खांदा तिच्या नडगीला लावायचा, गुडघ्यामागे हात, मग कंबर, मग आपलं सगळं वजन. सुरुवातीला मधेच अडकायचे, शरीर थांबायला बघायचं. पोरगी वरून सांगायची, "चलो ताई, लिफ्ट बंद नाही पडलीये." मग एक दिवस मी अडकले नाही. कसं झालं ते कळायच्या आत ती पाठीवर होती आणि मी तिच्या छातीवर. तिने खालून म्हटलं, "बाप रे." मास्तर लांबून बघत होता. त्याने फक्त मान हलवली आणि दुसऱ्या जोडीकडे गेला.

त्या संध्याकाळी मी खूश होते, हे नाकारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी एकटीने पाडलं होतं. आमच्या सातांत पाडायचं श्रेय नेहमी वरच्यांचं असायचं, कारण लोकांना वरच्याच दिसतात. खालची दिसते ती सगळ्या उठल्यावर, कपडे झटकताना. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, असं मी समजत होते. स्कूटीवरून परत येताना बारवी धरणाच्या बाजूचा वारा अंगावर येत होता आणि मी रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवत होते.

त्यानंतर ते रोज व्हायला लागलं. जिम मला मानवली, मी जिमला मानवले. कव्हरशी फोनवर बोलणं व्हायचं. तिने बूट घेतले होते. मुलांना सांगितलं होतं, नवऱ्याला रजा टाकायला लावली होती. ती विचारायची, "धरतेस ना नीट?" मी म्हणायचे, "आता कोणाच्या बापाला सुटणार नाही." हेही खरंच होतं.

जयंतीला संध्याकाळी पेव्हर ब्लॉकवर भाड्याच्या निळ्या मॅट अंथरल्या. गाड्या हलवायला लावल्या होत्या, तरी एक टेम्पो मालक न सापडल्यामुळे कोपऱ्यात तसाच होता आणि त्याच्या टपावर पोरं बसली होती. विहारापासून रस्त्यापर्यंत माणसं. पांढऱ्या साड्यांमधल्या बायका पुढे खुर्च्यांवर, माइकवर मंडळाचा एक जुना कार्यकर्ता, ज्याला गप्प बसायची सवय कधीच नव्हती. आम्हा सातांना निळे टीशर्ट दिले होते, सगळ्यांना एकच माप, त्यामुळे कोणालाच बसत नव्हते. कव्हरने टीशर्टाच्या आत पट्टा बांधला होता. ती माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली आणि आमचे हात आपोआप एकमेकींत गेले. तिचा तळवा गार होता. तिची मुलं दोरीपाशी नवऱ्याला बिलगून उभी होती. धाकट्याला आई कुठली ते ओळखू येत नव्हतं, कारण तिला त्याने साडी किंवा गाऊन सोडून दुसऱ्या कपड्यांत कधी बघितलेलं नव्हतं.

पहिल्या चढाया पोरींनी उजवीकडे केल्या आणि सहज गुण घेऊन गेल्या. लोक हसले, पण प्रेमाने. मग त्यांची एक बारकी, फार चपळ पोर माझ्या बाजूला आली. मी वाकून होते. तिने पाय टाकला, काढला, परत टाकला. तिसऱ्यांदा तो पाय माझ्या हातात आला.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. खांदा नडगीला लागला, हात गुडघ्यामागे गेला, मग कंबर, आणि ती पोर पाठीवर होती, मी वर. शिट्टी वाजली. टेम्पोवरची पोरं उभी राहून ओरडायला लागली, माइकवरच्याला शब्द सापडेनात. मी मान वर केली.

कव्हर माझ्यापासून एका पावलावर होती. दोन्ही हात पसरलेले, अंग पुढे झुकलेलं, आदळायच्या बेतात. धापा टाकत होती. ती पूर्ण वेगात आली होती आणि आदळायला काही उरलं नव्हतं. तिने हात खाली घेतले.

"मी येतच होते," ती म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. तिने माझ्या पाठीवर शाबासकी दिली, मला उठायला हात दिला आणि जागेवर जाऊन उभी राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मधे आमची चढाई होऊन गेली ती आणि समोरची पुढची पोर रेषा ओलांडून आत आली ती मला दिसलीच नाही. दिसली तेव्हा ती डावीकडेच येत होती.

या वेळी मी लक्ष ठेवून होते. घोटा हातात आला. मी दात आवळले, कपाळ मॅटला टेकवलं, खांदा मागे धरला आणि थांबले. पोर ओढत होती. मी तिच्यामागे थोडी थोडी सरकत होते, पण हात घट्ट होते, असे घट्ट ते पूर्वी कधीच नव्हते. मी थांबले. वरून काही आलं नाही. मी मान वळवून बघितलं. कव्हर तिच्या जागेवर उभी होती, हात गुडघ्यांवर ठेवून, दम खात. मी कधी वर जाते ते बघत थांबली होती. पोरीने मला ओढत नेलं आणि हात लांब करून मधल्या रेषेला लावला.